गळालेल्या फ्रेमा

टेपा एक्केचाळीस.
ओझुर्गेतीच्या संस्कृतिभवनातल्या पोटमाळ्यावरून
बेसोने बटाट्याच्या पोत्यातून आणल्या.
काहींच्या पाठीवर तारीख, काहींवर नुसतंच ‘लग्न?’,
एकीवर उंदराच्या दातांची सही.
कार्यक्रम शुक्रवारी. आज शनिवार.

आधी हिशेब.
काही न दाबता, जसंच्या तसं उतरवायचं
तर तासाला तीस जीबी.
डिस्कवर जागा सहाशे.
अंथरूण सहाशेचं, पाय बाराशे तीस.

बेसो म्हणतो, हा स्वस्तातला डोंगल लाव,
टेप आत, फाइल बाहेर, तासाला जेमतेम दोन.
लावला होता मी एकदा.
त्या फाइलीत फ्रेम एकटी उभी राहत नाही:
एक पुरी, तिच्यामागे चौदा जणी
‘वरीलप्रमाणे, फक्त ओठ हलले’ म्हणणाऱ्या.
बघायला झकास.
पण मधेच कातर लावली की कॉम्प्युटर मागे धावतो,
पुरी फ्रेम कुठे राहिली ते शोधत, धापा टाकत,
आणि मी टेबलावर बोटं वाजवत बसते.
वर तो डोंगल दोन-चार फ्रेमा गाळायचा,
कुणाला न सांगता.
तिसऱ्या कडव्यापर्यंत
ओठ मिटलेले आणि आवाज चालूच.

म्हणून डीव्ही.
जुनाट, आडदांड, तासाला तेरा.
एक्केचाळीस गुणिले तेरा, पाचशे तेहेतीस. मावतं.
लाल रंग जरा फिसकटतो, फिसकटू दे.
प्रत्येक फ्रेम आपापल्या पायावर;
हवी तिथे कापा, शेजारणीला कळत नाही.

वेळ मात्र कुठल्याच केबलने वाचत नाही.
तासाची टेप तासच मागते,
तिला घाई करता येत नाही, बाळंतिणीसारखी.
मग तो तास रिकामा का घालवा?
टेप उतरतानाच वही उघडायची:
मिनिट, सेकंद, गाणं, कोण.
पुढची निम्मी कापाकापी तिथेच उरकते.

‘कोण’साठी अनानिया.
त्र्याऐंशीचा, मंडळातला उरलेला एकटा.
कोटाच्या खिशातून संत्री काढतो,
सोलता सोलता पडद्याकडे बोट:
हा वाझिको, घोड्यावरून पडला.
हा एर्मिले, सूर पक्का, उधारी त्याहून पक्की.
मी लिहिते. चौदा मिनिटं बावीस.
मधल्या चहात त्याने विचारलं, हीच पद्धत का?
मी सांगितलं, यात प्रत्येक चित्र एकटं उभं राहतं,
कुणावर रेलत नाही.
तो बराच वेळ चघळत राहिला.
‘मग ती गातात कशी?’

टेप तेवीस.
अंगणात मेजवानी, दिवे गेलेले, कंदिलांचा उजेड,
आणि तीन आवाजांच्या गाण्याला दोघेच.
त्या वर्षी अनानिया सीमेपलीकडे, रिझेत,
दुसऱ्याच्या मळ्यात चहा खुडत होता.
वरचा आवाज कोंबड्यासारखा चढतो,
मधला त्याला सांभाळून घेतो,
आणि खाली, खर्जाच्या जागी,
कुत्र्याचं भुंकणं, ताटांचा आवाज.

अनानियाने साल बाजूला ठेवलं.
डोळे पडद्यावरच.
आणि खुर्चीतूनच, हलकेच,
खालचा सूर धरला.

माझा हात माउसपाशी गेला, परत आला.
माइक लावायचा तर वायर शोधावी लागेल,
टेप थांबवावी लागेल, फाइलीचे दोन तुकडे होतील.
आणि केबलला काय,
जे प्लेअरमधून येईल तेवढंच ती नेते.
खोलीत तीन आवाज होते.
डिस्कवर दोन उतरत होते.

तास संपला. पट्टी थांबली.
पडद्यावर हिरव्या अक्षरांत:
गळालेल्या फ्रेमा, शून्य.

मी वहीत ‘कोण’च्या रकान्यात दोन नावं लिहिली.
पेन तसंच धरून राहिले.

‘पुढची लाव,’ तो म्हणाला,
आणि दुसरं संत्र सोलायला घेतलं.